मागच्या सीटवरचे दामूभाऊ

दामूभाऊ निंबार्ते पहिल्यांदा माझ्या गाडीवर बसले तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला खोली घेऊन मला आठवडाही झाला नसेल. शाळा भंडाऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात, त्यामुळे रोज सकाळी मोटरसायकलने निघायचं. त्या दिवशी फाट्यावर आलो तर पन्नाशीच्या आसपासचा एक उंच माणूस हात करून उभा होता. पांढरा सदरा, एका हातात जेवणाचा डबा आणि काखेत स्वतःचं हेल्मेट.

"भंडाऱ्याले जाऊन राहिले का, मास्तर?"

नवा भाडेकरू मास्तर आहे ही बातमी गावभर झालेली असणार. मी हो म्हणालो. पण ते लगेच बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, वाकून चेन हलवली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बसाच्या पयले एक गोष्ट सांगून देतो. मले फिट येते. गोळ्या चालू हायेत, लय दिवसांत आली नाही. पन आली तं मी तुमच्या खांद्यावर दोनदा थाप मारीन. तुमी गाडी बाजूले घ्याची. मले कुशीवर करून ठेवाचं, तोंडात काही घालाचं नाही, कांदा-चप्पल नाकाशी न्याची नाही. मी आपला आपन उठतो. मंजूर असन तं बसतो."

रोगाबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी मान हलवली. ते बसले आणि आम्ही निघालो.

भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. तिथे पोहोचेपर्यंत मागे माणूस बसलाय हे मला जवळजवळ जाणवलंच नाही. वळणावर ते गाडीबरोबर कलायचे, ब्रेक लावला तरी अंगावर यायचे नाहीत, खड्डा आला की सीटवरून किंचित उठून मागच्या चाकाचं ओझं हलकं करायचे. उतरल्यावर त्यांनी आभार मानले नाहीत. म्हणाले, "तुमी पुढच्या ब्रेकले भेता. भिऊ नका, तो चांगला हाय." आणि दुकानाचं शटर वर करायला गेले.

त्या दिवसापासून सकाळचा तो बेत ठरूनच गेला.

दामूभाऊंना मोटरसायकलीचं जेवढं वेड होतं तेवढं मी कुणात पाहिलं नाही, आणि ते गाडी चालवत नव्हते. विशीत असताना त्यांच्याकडे दोन स्ट्रोकची गाडी होती. धान विकून वडिलांनी घेऊन दिलेली. त्या गाडीवर ते नागपूर, गोंदिया, बालाघाट, कुठे कुठे जाऊन आले होते. एकदा पेट्रोल पंपावर रांगेत उभे असताना त्यांना पहिली फिट आली. पुन्हा दोनदा आली. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही असं सांगितलं. त्यांनी चालवली नाही. मात्र ती गाडी विकलीही नाही. घराच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, ती ताडपत्रीखाली उभी असे. दर शुक्रवारी ते तिच्यात ऑइल मिसळलेलं पेट्रोल घालत, किक मारत आणि स्टँडवरच थोडा वेळ चालू ठेवत. सपरी निळ्या धुराने भरून जायची. मंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेवढा वेळ वाळत घातलेले कपडे घरात घेऊन जायच्या.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही हवामानाबद्दल बोलावं तसं. "माहं गाडी चालवनं बंद झालं, मास्तर. बसनं थोडीच बंद झालं."

रविवारी सकाळी फाट्यावरच्या टपरीवर आमची बैठक असे. तर्री घातलेले पोहे, चहा, आणि बाकाला लागून तिरक्या उभ्या केलेल्या गाड्या. आम्ही मुख्य चौघेच. दामूभाऊ, मी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कापगते साहेब आणि मोबाइलचं दुकान चालवणारा गोलू. कापगत्यांचं सारं लक्ष अॅव्हरेजवर. उतार आला की ते इंजिन बंद करायचे, आणि आपली गाडी लिटरला किती देते हे दर रविवारी नव्याने सांगायचे. गोलूला वेगाशिवाय काही सुचत नसे. टायर ट्यूबचा बरा की बिनट्यूबचा, नव्या पेट्रोलमध्ये जे मिसळतात त्याने जुन्या गाड्यांचे रबर खराब होतात का, चेनला ऑइल घालावं की ग्रीस, असे वाद चालायचे आणि शेवटी सगळे दामूभाऊंकडे बघायचे. ते बशीत चहा ओतून, फुंकर घालून निकाल द्यायचे.

त्यांचे सगळे निकाल बरोबर असत असं नाही. दुपारच्या उन्हात पेट्रोल भरायचं नाही, ते फुगलेलं असतं आणि आपल्याला कमी मिळतं, यावर त्यांची श्रद्धा होती. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथवर ऊन पोहोचत नाही, हे कापगत्यांनी त्यांना अनेकदा समजावलं. दामूभाऊ सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमी भरा ना दुपारी, साहेब. मी सकाळीच भरून घेईन दुसऱ्याच्या गाडीत."

शर्यती ते गोलूच्या दुकानात बसून बघत. परदेशातल्या मोठ्या शर्यती, गोलू त्या मोबाइलवर लावून द्यायचा. गोलू पहिल्या नंबरासाठी जीव टाकायचा. दामूभाऊंना नंबराशी देणंघेणं नसायचं. एखादा सहाव्या-सातव्या क्रमांकावरचा स्वार ते धरून ठेवायचे आणि तो वळणात गुडघा जमिनीला कसा टेकवतो, बाहेर पडताना गाडी कधी सरळ करतो, तेवढंच बघायचे. शर्यत संपली की म्हणायचे, "टायर संपत आले होते त्याचे. तरी कशी सांभाळून आनली गाडी, पाहा."

एकदा गोलूने नवी गाडी घेतली आणि ती काय चीज आहे ते दाखवायला दामूभाऊंना मागे बसवून महामार्गावर काढली. आम्ही टपरीवर थांबलो होतो. दोघे परत आले तेव्हा गोलूचं तोंड फुललं होतं. त्याने विचारलं, कशी वाटली? दामूभाऊंनी शांतपणे हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय. पन शर्यतीत समोरून ट्रॅक्टर येत नाही, गोलू." वाटेत काय झालं होतं ते दोघांपैकी कुणीच आम्हाला सांगितलं नाही. गोलू मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांना मागे घेतल्यावर धानाची गाडी हाकावी तसा चालवायचा.

करडी हे मंदावहिनींचं माहेर. दिवाळीनंतर तिथे मंडई भरते. दुकानं, पाळणे, संध्याकाळी नाटक. एका वर्षी तिथल्या पोरांनी धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मोटरसायकलींची शर्यत ठेवायचं ठरवलं. दामूभाऊ गावचे जावई, त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी पोरांना पटवलं की शर्यत ठेवा, पण हळू चालवण्याची. जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद, आणि मागे एक माणूस बसलेला पाहिजे. पोरं आधी हसली. प्रत्यक्षात पहिल्या पाचजणांनी निम्म्यात पाय टेकले तेव्हा बांधावर बसलेल्या बायाबापड्यांना त्यात अशी काही मजा वाटू लागली की नाटकाच्या मांडवातले लोकही तिकडे आले.

मी दामूभाऊंना मागे घेऊन उतरलो. ते मागे बसून अगदी हळू आवाजात बोलत होते. "क्लच अर्धा. समोर पाहा, चाकाकडं नको. मी हाय ना." गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती. ती डावीकडे कलली की ते उजवीकडे थोडे झुकायचे आणि ती पुन्हा उभी व्हायची. आम्ही खरोखरच जिंकलो असतो, पण शेवटाजवळ धानाचा एक बुडखा चाकाखाली आला आणि माझा पाय टेकला. मला फार वाईट वाटलं. दामूभाऊ मात्र दिवसभर सासुरवाडीच्या प्रत्येक घरी जाऊन सांगत होते की मास्तर किती हळू चालवतात. ही त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी तारीफ होती.

मग सिहोऱ्याची ती दुपार आली.

सिहोऱ्याला एका माणसाकडे त्यांच्या जुन्या गाडीच्या जातीचा कार्बोरेटर पडून आहे असं त्यांना कळलं होतं. मला सुट्टी होती. रोवणीचे दिवस, दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या आणि ओळीने वाकलेल्या बाया. तुमसर मागे टाकलं, सिहोरा जवळ आलं. दामूभाऊ मला टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ सांगत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले. माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

मी गाडी कडेला घेतली. स्टँड लावायला सवडच मिळाली नाही. त्यांचं शरीर ताठ झालं आणि आम्ही तिघेही, म्हणजे ते, मी आणि गाडी, रस्त्याकडेच्या ओल्या गवतात आडवे झालो. त्यांनी सांगितलं होतं तसंच मी केलं. कुशीवर वळवलं, हेल्मेट काढलं, डोक्याखाली माझी पिशवी ठेवली. रोवणी करणाऱ्या बाया धावत आल्या. एकीने चप्पल काढली, मी तिला नको म्हणालो. ती समजूतदार होती, तिने चप्पल ठेवली आणि पदराने त्यांच्या तोंडावर वारा घालत बसली. तो सगळा वेळ मला फार लांब वाटला. मग त्यांचं अंग सैल पडलं, श्वास नीट झाला आणि हळूहळू डोळे उघडले.

बराच वेळ ते तसेच पडून समोर बघत राहिले. समोर आडवी पडलेली माझी गाडी होती. जीभ जड झालेली होती, तरी ते म्हणाले, "मास्तर... मागचा टायर बदला. इथून चांगला दिसून राहिला, पार घासला."

त्या बाया हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याबरोबरच माझे हात कापायला लागले, जे इतका वेळ कापले नव्हते. दामूभाऊंनी ते पाहिलं.

जवळच्याच एका घरी त्यांना निजवलं. उठल्यावर त्यांना पुन्हा गाडीवर घ्यायची माझी हिंमत नव्हती आणि त्यांनीही विषय काढला नाही. सिहोऱ्याहून ते एसटीत बसले. मी एसटीच्या मागे मागे गाडी चालवत आलो. तुमसर, मोहाडी, भंडारा. प्रत्येक थांब्यावर खिडकीतून त्यांचा हात बाहेर यायचा, ठीक आहे एवढं सांगायला.

दुसऱ्या सकाळी ते फाट्यावर नव्हते. तिसऱ्याही दिवशी नव्हते. मी घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. मी म्हणालो, उद्यापासून येतो, तुम्ही तयार राहा.

"नको, मास्तर."

"काहून?" इतक्या वर्षांत माझ्याही तोंडी त्यांची बोली बसली होती.

"तुमचे हात कापताना पाह्यले मी. तुमी न्यालच, मले माईत हाय. पन ध्यान समोर नाही, मागं राहीन तुमचं. एखाद्या दिवशी दोघंही जाऊ." मग ते म्हणाले, "भेलेल्या मानसाच्या मागं बसनं बरं नाही. त्याच्यासाठी बरं नाही."

ते खरं होतं. मंदावहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दामूभाऊ काळीपिवळी जीपने दुकानात जाऊ लागले. हेल्मेट घरी राहू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, त्या चांगल्या लागूही पडल्या, पण त्यांचं बोलणं कमी झालं. रविवारी टपरीवर यायचे, चहा घ्यायचे. गोलू आणि कापगते साहेब टायरवरून भांडायचे आणि सवयीने त्यांच्याकडे बघायचे, तर ते रस्त्याकडे बघत असायचे. गोलूने एकदा आपणहून म्हटलं, चला दामूभाऊ, सोडतो. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालत घरी गेले. शुक्रवारचा सपरीतला धूरही बंद झाला. हे मला मंदावहिनींकडून कळलं.

एका संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. एकट्या कधी आल्या नव्हत्या. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

"मास्तर, मले गाडी शिकाची हाय."

मला वाटलं दुकानात जाण्यायेण्यासाठी असेल. मी म्हणालो, "स्कुटी घ्या ना वहिनी. गिअर नाही, सोपी जाते."

"स्कुटीवर ते बसतीन का?" त्या म्हणाल्या. "तीच गाडी शिकाची हाय. सपरीतली."

मी आणि गोलूने ती गाडी बाहेर काढली. दामूभाऊ आधी तयारच नव्हते. गाडी जड आहे, किक बसत नाही, वय झालं, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. वहिनींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साऱ्या दुनियेले शिकोवता. मलेच काहून नाही?"

दामूभाऊंच्या धाकट्या भावाच्या कापणी झालेल्या बांधीत शिकवणी सुरू झाली. वहिनींनी आपल्या मुलीचा सलवार-कुर्ता घातला होता आणि त्यावर दामूभाऊंचं हेल्मेट. किक दामूभाऊ मारून द्यायचे. मग बाजूने चालत चालत बोलायचे, करडीच्या शर्यतीत माझ्याशी बोलत होते तशाच आवाजात. गाडी बंद पडायची, ते पुन्हा किक मारायचे. कधी आवाज चढवला नाही. एकदा वहिनी वळताना घसरल्या आणि गाडीसकट बांधाला जाऊन पडल्या. आम्हाला वाटलं होतं दामूभाऊ आधी गाडी बघतील. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. वहिनींचा हात धरून उठवलं, कोपर झटकलं, आणि गाडी आम्हीच उचलली. तिच्या टाकीला पोचा पडला होता. तो त्यांनी नंतरही काढून घेतला नाही.

वहिनी एकट्या नीट चालवू लागल्यावर ते मागे बसले. त्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. वहिनींनी खाटेच्या नवारीचा एक रुंद पट्टा शिवला, दोघांच्या कमरेभोवती येईल असा, म्हणजे थाप पडल्यावर गाडी थांबेपर्यंत तरी ते सरळ बसून राहतील. पहिल्या दिवशी गावातून निघाले तेव्हा फाट्यावर लोक हसले. बायको पुढे आणि नवरा मागे, तोही बांधलेला. कुणीतरी दामूभाऊंना तसं बोललंही. दामूभाऊ म्हणाले, "गावातल्या सगळ्याइच्या मागं बसून झालं बापा. घरच्याच मानसाच्या मागं बसाचं राह्यलं होतं."

पुढच्या रविवारी ते टपरीवर आले, बशीत चहा ओतला, आणि कापगते साहेबांना सांगू लागले की मंदा उतारावर इंजिन बंद करत नाही तरी तिचं अॅव्हरेज तुमच्यापेक्षा बरं आहे.

माझी बदली साकोली तालुक्यात झाली. सामान टेम्पोने पुढे पाठवलं आणि सकाळी मी गाडीवर निघालो. निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. भंडारा ओलांडून कारध्याच्या पुलावर आलो. खाली वैनगंगा भरून वाहत होती, म्हणून मी गाडी हळू केली. तेवढ्यात मागून दोन स्ट्रोकचा तो आवाज आला आणि मंदावहिनी मला ओलांडून पुढे गेल्या. कुठल्याशा नातेवाइकाकडे निघाले असावेत. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

दामूभाऊ इतकी वर्षं माझ्या मागे बसले, त्यामुळे चालत्या गाडीवर ते कसे दिसतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. वहिनींच्या खांद्यावरून ते थेट पुढचा रस्ता बघत होते, डोळे बारीक करून, अगदी स्वस्थ चेहऱ्याने. डावा हात पट्ट्यावर होता. उजवा हात मांडीवर टेकवलेला, आणि त्याची मूठ वळलेली होती. पूल संपला, रस्ता मोकळा झाला, वहिनींनी गाडीला वेग दिला, आणि त्याच क्षणी मांडीवरच्या त्या मुठीचं मनगटही हळूच फिरलं.

मग ते लाखनीच्या रस्त्याला लागले आणि मागे थोडा निळा धूर राहिला.